नवसीची सामाईक फाइल

नवसी वरठा बोईसरच्या एमआयडीसीत नोकरीला लागली ते साल पंचाण्णव. तिच्या पाड्यातली माणसं त्याआधीही एमआयडीसीत जात होती, पण ती गोण्या उचलायला, ड्रम धुवायला, नाहीतर बांधकामावर. कॉम्प्युटरसमोर बसायला गेलेली ती पहिलीच.

पाडा मनोरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. बाप झिपरू आणि आई भागी पावसाच्या पाण्यावर थोडं भात, थोडी नागली करायचे आणि दिवाळी सरली की वीटभट्टीवर जायचे. नवसीला त्यांनी भट्टीवर कधी नेलं नाही. पोरगी हुशार आहे, शिकेल, असा काही विचार त्यामागे नव्हता. तिच्या आधीचं पोर भट्टीवर तापाने गेलं होतं. देवाला बोलून झालेली ही मुलगी भागी तिथे न्यायला तयार नव्हती, म्हणून तिला आश्रमशाळेत ठेवलं. हुशारी पुढे दिसली, ती शाळेतल्या मास्तरांना. त्यांनी मागे लागून तिला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला घातलं, आणि ती तो पहिल्या वर्गात पास होऊन बाहेर पडली.

कंपनी नरहरी सावे यांची. सावे केळव्याकडच्या बागायतदार घरातले. पानवेलीची वाडी भावाच्या हवाली करून त्यांनी एमआयडीसीत एक गाळा घेतला आणि रंगाच्या, रसायनांच्या कारखान्यांसाठी कंट्रोल पेट्या बनवायला सुरुवात केली. पेटी दिसायला शाळेच्या दप्तराएवढी. आत एक चिप, आणि चिपमध्ये प्रोग्राम. टाकी भरली की पंप बंद करायचा, बॉयलर तापला की आच कमी करायची, असली कामं ती पेटी माणसाशिवाय करायची.

मुलाखतीत सावे यांनी विचारलं, "कॉम्प्युटर चालवता येतो?"

"कॉलेजात दोन होते, साहेब. आमची पाळी कमी यायची," नवसी म्हणाली. "पण बिघडलेलं मशीन समोर ठेवलं तर कुठं बिघडलंय ते मी सोडत नाय."

सावे हसले नाहीत. त्यांनी तिला टेस्टिंगला घेतलं.

नवसीने पाम गावात एक खोली भाड्याने घेतली. सकाळी चालत कंपनीत यायची. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, तेव्हा गुरुवारी सुटल्यावर पालघर गाठून मनोरची एसटी पकडायची आणि शनिवारी पहाटे परत निघायची.

काम तिला आवडलं. पेटीत चार प्रोग्राम एकत्र चालायचे: बॉयलरचा, टाकीचा, पंपाचा आणि वजनकाट्याचा. बॉयलर आणि टाकी दमयंतीने लिहिलेले. दमयंती तारापूरच्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेली, नवसीहून सहा-सात वर्षांनी मोठी, बोलायला तुटक पण कामाला चोख. वजनकाटा आनंदाचा. आनंदा परभणीकडचा, वडील इथल्या सूतगिरणीत आले म्हणून इथलाच झालेला. पंपाचा प्रोग्राम लिहिणारा माणूस नवसी येण्याआधीच मुंबईला दुसऱ्या नोकरीवर गेला होता. त्याचा प्रोग्राम चालत होता, म्हणून त्याकडे कोणी बघत नव्हतं.

खरी टाकी आणि खरा बॉयलर काही गाळ्यात आणता येत नाही. त्यासाठी फळीवर बसवलेली एक डमी होती. तिच्यावरची बटणं फिरवली की ती कॉम्प्युटरला सांगायची, टाकी अर्धी भरली, आता पूर्ण भरली, आता बॉयलर तापला. प्रोग्रामने त्यावर बरोबर हुकूम दिला तर टेस्ट पास. सगळ्या टेस्ट पास झाल्या की स्क्रीनवर 'ओके' यायचं, नवसी सही करायची आणि प्रोग्राम चिपवर चढायचा.

घोळ होता तो सेटिंगमध्ये. डमी कुठल्या पोर्टला जोडली आहे, तिच्या उत्तरासाठी किती वेळ थांबायचं, चूक सापडली तर तिथेच थांबायचं की नोंद करून पुढे जायचं, हे कॉम्प्युटरला आधी सांगून ठेवावं लागायचं. आणि ते चारही प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये वेगवेगळं लिहिलेलं होतं. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने आपल्या सवयीने सेटिंग लिहिली होती. दमयंतीचं एक, आनंदाचं दुसरं, मुंबईला गेलेल्याचं तिसरंच. नवसीला सुरुवातीला वाटलं, असंच असतं. ती नवीन होती.

दुसऱ्या वर्षी जुनी डमी जळाली आणि सावे यांनी नवीन आणली. नवीन डमी चांगली होती, फक्त उत्तर द्यायला जरा जास्त वेळ घ्यायची. दमयंतीने आपल्या दोन फोल्डरमध्ये थांबायचा वेळ वाढवला. आनंदाने आपल्या फोल्डरमध्ये वाढवला. टेस्ट पुन्हा नीट चालू लागल्या, आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर एका रंगाच्या कारखान्यात पेटीची ट्रायल होती. नवसी कंपनीतच होती. सावे आणि आनंदा गेले होते. दुपारी दोघं परतले तेव्हा आनंदाची पँट गुडघ्यापर्यंत लाल झाली होती. टाकी भरली, पण पंप थांबला नाही. रंगाचं पाणी काठावरून उतरून अंगणभर पसरलं. कोणाला इजा झाली नाही, वेळेवर हाताने बटण बंद केलं गेलं. पण कारखान्याच्या मालकासमोर, सगळ्या कामगारांसमोर सावे यांना मान खाली घालावी लागली.

"पंपाची टेस्ट कोणी पाहिली होती?" त्यांनी विचारलं.

"मी," नवसी म्हणाली. "ओके आलं होतं."

"ओके आलं होतं, तर मग हे काय झालं ते शोधून काढ." ते एवढंच बोलून आपल्या केबिनमध्ये गेले.

तिने दमयंतीला बरोबर घेतलं आणि पंपाचा फोल्डर उघडला. कारण सापडायला फार वेळ लागला नाही. पंपाच्या फोल्डरमध्ये थांबायचा वेळ जुनाच होता. टेस्ट डमीला विचारायची, टाकी भरली का? डमी उत्तर देणार तोवर टेस्ट पुढे निघून गेलेली असायची. आणि मुंबईला गेलेल्या माणसाने चुकीच्या बाबतीत लिहून ठेवलं होतं, की नोंद कर आणि पुढे जा. तेव्हा सगळ्या टेस्ट उत्तर न ऐकताच पुढे जात होत्या आणि शेवटी 'ओके' लिहीत होत्या. भरलेल्या टाकीला पंप थांबतो का, हे नवीन डमी आल्यापासून कोणी तपासलंच नव्हतं.

दमयंतीने त्या फोल्डरमधला आकडा बदलला आणि 'पुढे जा'च्या जागी 'थांब' लिहिलं. टेस्ट पुन्हा लावली आणि या वेळी ती लाल अक्षरांत अडली. या कारखान्याच्या टाकीसाठी पंपाच्या प्रोग्राममध्ये घाईत बदललेल्या दोन ओळींत चूक होती. दमयंतीने ती तिथल्या तिथे दुरुस्त केली.

"झालं," ती म्हणाली.

"ताई, नाय झालं," नवसी म्हणाली. "पुढच्या वेळी डमी बदलली की आपण परत चार ठिकाणी लिहिणार. परत एक राहणार."

"मग लक्षात ठेवायचं."

"लक्षात कोण ठेवील? पंपाला तर मालकच नाय."

दमयंतीने तिच्याकडे पाहिलं. नवसी इतकं बोलत नसे. "मग तुझं म्हणणं काय?"

"सेटिंग एकाच जागी लिहायची. चारही प्रोग्रामनी तिथूनच घ्यायची."

बिल्ड करताना, म्हणजे लिहिलेल्या फाइली जोडून चिपवर चढवायचा प्रोग्राम तयार करताना, एका फाइलमध्ये दुसरी फाइल ओढून घेता येते, हे नवसीने पुस्तकात वाचलं होतं. चारही फोल्डरांच्या वर तिने एक नवा फोल्डर केला, त्यात सामाईक फाइल ठेवली आणि पोर्ट, थांबायचा वेळ, चूक झाल्यावर काय करायचं, निकाल कुठे लिहायचा, हे सगळं त्यात घातलं. प्रत्येक प्रोग्रामच्या बिल्डमधली जुनी सेटिंग पुसली आणि तिथे एकच ओळ लिहिली, की वरची फाइल घे. सावे यांनी परवानगी दिली होती. तिला दोन दिवस पुरले आणि ती खूश होती.

तिसऱ्या दिवशी आनंदा तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"माझ्या काट्याच्या सगळ्या टेस्ट पडल्या की."

"थांबायचा वेळ सगळ्यांना सारखा केलाय."

"अगं, पण काटा सारखा नाही ना. वजन ठेवलं की काटा हलतो, डुलतो, मग थांबतो. माझी टेस्ट त्याच्यासाठी थांबत होती. तू ती पुसून टाकलीस." तो चिडला होता, पण आवाज चढवला नव्हता. "सगळ्यांना एका दोरीत बांधायचं म्हणजे ज्याचा पाय मोडेल त्याने काय करायचं?"

त्याने आपल्या फोल्डरमधली नवसीची ओळ काढली आणि जुनी सेटिंग परत आणली. दमयंतीने आपल्या स्क्रीनवरून मान वर केली नाही. नवसीला ते जास्त लागलं. दिवसभर तिने जेवणाचा डबा उघडला नाही. आनंदाचं म्हणणं खरं होतं, आणि आपलंही खोटं नव्हतं, हे दोन्ही तिला कळत होतं.

त्या आठवड्यात ती घरी गेली तेव्हा भागी अंगणात भात पाखडत होती. भट्टीवर जाण्याचे दिवस जवळ आले होते.

"तोंड का उतरलाय?" भागीने विचारलं.

नवसीने सांगायचा प्रयत्न केला. प्रोग्राम, टेस्ट, यातलं काही भागीला कळणार नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "चार जणांना मी एकच नियम लावला. तिघांना चालला, एकाला नाय चालला."

"कुठला नियम?"

"किती वेळ थांबायचं, तो. आणि चूक झाली तर काय करायचं, तो."

भागीने सूप खाली ठेवलं. "भट्टीवर मुकादम सगल्यांना सांगतो, इतक्या वाजता यायचं. पन बायडीला तान्हा पोर हाय, ती उशिरा येते. मुकादम चालवून घेतो, तिनं आदी सांगितलेलं असतं म्हनून. पन कच्ची वीट कोनाची चालवून घेत नाय. बायडीची बी नाय."

भागी पुन्हा पाखडायला लागली. नवसी तिथेच बसून राहिली. तिच्या डोक्यात एक गोष्ट सुटी झाली होती. काही नियम असे असतात की आधी सांगून त्यात सवलत घेता येते. काही असे, की त्यात कोणालाच सवलत नाही. तिने दोन्ही एकाच फाइलमध्ये कोंबले होते.

शनिवारी तिने सामाईक फाइल दोन भागांत तोडली. पहिल्या भागात नेहमीच्या गोष्टी: पोर्ट, थांबायचा वेळ, निकालाची जागा. हा भाग प्रत्येक प्रोग्राम सगळ्यात आधी घेणार. त्याच्यानंतर ज्याला काही वेगळं हवं असेल त्याने आपल्या फोल्डरमध्ये तेवढीच ओळ लिहायची आणि का वेगळं हवं ते शेजारी लिहायचं. दुसरा भाग सगळ्यात शेवटी येणार. त्यात एकच हुकूम होता: चूक सापडली, किंवा उत्तर आलं नाही, की तिथेच थांब आणि 'ओके' देऊ नकोस. शेवटी लिहिलेलं आधीच्याला खोडून काढतं, तेव्हा हा हुकूम कोणालाच बदलता येणार नव्हता.

ती आनंदाकडे गेली. "तुझ्या काट्याचा वेळ तू लिही. फक्त तेवढाच. बाकी वरून घे."

आनंदाने तिची फाइल वाचली, मग पुन्हा वाचली. "आणि हा शेवटचा भाग?"

"तो कोणाचाच नाय. तो सगळ्यांचा."

आनंदाने आपली एक ओळ लिहिली. शेजारी कारणही लिहिलं: काटा स्थिर व्हायला वेळ लागतो. मग त्याने स्वतःच टेस्ट लावली आणि खुर्ची मागे सरकवून पाहत बसला. सगळ्या पास झाल्या. "बरं केलंस," तो म्हणाला. त्याच्याकडून एवढं खूप होतं.

मग चारही प्रोग्राम एकदम बिल्डला लावले. सावेही येऊन मागे उभे राहिले. टाकी पास. पंप पास. काटा पास. बॉयलर अडला.

बॉयलरचा प्रोग्राम दमयंतीचा होता आणि त्याच्यात कधी चूक निघाली नव्हती. दमयंती पुढे झाली आणि स्क्रीनवरची ओळ वाचू लागली. तापमान मोजणारी तार तुटली तर प्रोग्रामने आच बंद करायला हवी होती. तो शेवटचं तापमान धरून बसत होता. तिच्याही फोल्डरमध्ये, सेटिंगपासून लांब खाली, या एका टेस्टसाठी 'पुढे जा' लिहिलेलं होतं, आणि नवसीच्या पहिल्या फाइललाही ते खोडून काढत होतं. कधीतरी घाईत लिहिलेलं आणि विसरून गेलेलं.

"हे माझ्याकडून राहिलं," दमयंती म्हणाली. तिने खुर्ची ओढली, दुरुस्तीला बसली, आणि जरा वेळाने मान न वळवता म्हणाली, "नवसी, ही फाइल आता कोणाला काढू देऊ नकोस. मला पण नाही."

दमयंतीच्या तोंडून निघालेलं ते वाक्य नवसीने पुढे कितीतरी वर्षं जपून ठेवलं.

रंगाच्या त्याच कारखान्यात दुसरी ट्रायल ठरली तेव्हा सावे यांनी नवसीला बोलावलं. "या वेळी तू चल. पेटी तू दाखवायचीस."

"मी, साहेब?"

"तपासली कोणी?"

ती गेली. अंगणात जुना लाल डाग अजून पुसट दिसत होता. मालक हाताची घडी घालून उभा होता आणि मागच्या वेळचं पाहिलेले कामगार जरा लांबूनच बघत होते. त्यांच्यात तिच्या पाड्यातला चिंधू होता, तिथे गोण्या वाहायला लागलेला. त्याने नवसीला ओळखलं आणि तो गोणी खाली ठेवून उभाच राहिला.

नवसीने पेटी चालू केली. पाणी चढायला लागलं. टाकी काठाला आली तशी दोन माणसं आपोआप मागे सरकली. पंप थांबला. काठाखाली चार बोटं जागा राहिली होती.

"परत दाखवा," मालक म्हणाला.

तिने परत दाखवलं. मग तिने त्याला न विचारता बॉयलरची तापमान मोजणारी तार काढली. मालकाने हात पुढे केला, पण तोवर आच बंद झाली होती.

"तार तुटली तर असं होईल," ती म्हणाली. "हे मागच्या पेटीत नव्हतं. आता आहे."

मालकाने मान हलवली आणि सावे यांना म्हणाला, "या बाईंनी तपासलेलीच पेटी पाठवत जा." बाहेर पडताना चिंधू फाटकापाशी थांबला होता. "नवसी, तुजं नाव पाड्यावर सांगतो," तो म्हणाला. आणि त्याने सांगितलं. पुढच्या गुरुवारी ती एसटीतून उतरली तेव्हा अर्ध्या पाड्याला ठाऊक होतं, की झिपरूची पोरगी पाण्याला थांब म्हणते आणि पाणी थांबतं. नवसीने समजावायचा प्रयत्न केला की ती नाही, पेटी थांबवते. कोणी ऐकलं नाही. मग तिने तो नाद सोडला आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं.

पुढच्या वर्षी आनंदाने पाचवा प्रोग्राम लिहायला घेतला, रंग ठरावीक मापात सोडण्याचा. आधीच्या काळात नव्या प्रोग्रामच्या टेस्ट उभ्या करायला आठवडा जायचा. आनंदाने पहिल्याच दिवशी सामाईक फाइल ओढून घेणाऱ्या दोन ओळी लिहिल्या, एक वर आणि एक तळाला, आणि दुपारपर्यंत त्याच्या टेस्ट चालू झाल्या. संध्याकाळी नवसीने पाहिलं, तर त्याने वरच्या फोल्डरचं नाव बदललं होतं. आधी तिथे इंग्रजीत 'कॉमन' लिहिलेलं होतं. आता इंग्रजी अक्षरांत 'नवसी' होतं.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"कॉम्प्युटर फोल्डरच्या नावाला आठच अक्षरं देतो, त्यात बसतं," आनंदा म्हणाला. "आणि कोणाला विचारायचं ते कळतं."

सावे यांनी ते पाहिलं आणि बदलायला सांगितलं नाही. अठ्ठ्याण्णव साली त्यांनी नवसीकडे सगळं टेस्टिंग सोपवलं.

त्या दसऱ्याला कंपनीत यंत्रांची पूजा होती आणि घरच्यांना बोलावणं होतं. झिपरू आणि भागी पहिल्यांदाच बोईसरला आले. झिपरूने धुतलेला सदरा घातला होता. गाळ्यात झेंडूच्या माळा लावल्या होत्या, कॉम्प्युटरांनाही आणि डमीलाही. भागी दारातच चपला काढून उभी राहिली, तेव्हा दमयंती पुढे गेली आणि तिला हाताला धरून आत घेऊन आली.

"तुमच्या मुलीचं काम बघायचंय ना?"

नवसीने सगळ्या प्रोग्रामचा बिल्ड लावला. तोवर ते सात झाले होते. स्क्रीनवर ओळी सरकायला लागल्या. आनंदा भागीच्या शेजारी उभा राहून सांगत होता, "मावशी, ही प्रत्येक ओळ आधी नवसीने सांगितलेलं ऐकते, मग आपलं काम करते. माझं पण तिचंच ऐकतं."

भागीने ते नीट ऐकून घेतलं. झिपरूला अक्षरं येत नव्हती, पण एका ओळीखाली एक तसंच अक्षर उमटतंय हे त्याला दिसत होतं. तो पुढे वाकला.

"हे सगलीकडे एकच काय लिवलाय?" त्याने विचारलं.

"ओके," नवसी म्हणाली. "म्हणजे, बरोबर हाय."

झिपरू सरळ झाला. त्याने आधी भागीकडे पाहिलं, मग सावे यांच्याकडे, मग दमयंती आणि आनंदाकडे, जणू त्या सगळ्यांनी ते ऐकलंय याची खात्री करून घेत होता. मग तो भागीला म्हणाला, "ऐकलास ना? सगला बरोबर हाय."

सावे यांनी स्वतः पेढ्यांचं ताट उचललं आणि पहिला पेढा झिपरूच्या हातावर ठेवला.